तीन बोटं

गेल्या महिन्यात शेजारच्या काकांना तपासणीला घेऊन परळच्या कॅन्सर हॉस्पिटलात गेलो होतो. पहाटेच्या लोकलनं निघालो, तरी पोचेपर्यंत बाकं भरली होती. मांडीवर फाईल, पायाशी पाण्याची बाटली आणि चपातीभाजीचा डबा, मुठीत घामानं ओला झालेला नंबराचा कागद. तिथं बसलेल्या सगळ्यांची बसण्याची तऱ्हा एकच असते. आमच्या पुढच्या बाकावर एक मावशी होत्या. डोक्यावरून पदर, गळ्याशी पांढरी पट्टी, बाजूला पस्तिशीचा मुलगा. सिस्टर रांगेतल्या एकेकाकडे येऊन वजन, ताप वगैरे लिहून घेत होती. मावशींपाशी आल्यावर तिनं विचारलं, “दुखण्याचा आकडा किती, आजी? शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही.” मावशींनी तोंड उघडायच्या आत मुलगा म्हणाला, “तीन लिहा सिस्टर. धीट आहे आमची आई.” सिस्टरनं तीन लिहिलं आणि ती पुढे सरकली. मावशींनी मुलाकडे पाहिलं, मग पदर पुढे ओढून घेतला.

मी मान खाली घालून काकांच्या फाईलची पानं उलटत राहिलो.

आमच्याही फाईलमध्ये तो तीनचा आकडा आहे. ओळीनं, वेगवेगळ्या शाईत, वेगवेगळ्या अक्षरांत. त्यातले किती अण्णांनी दिलेले आणि किती मी दिलेले, हे आता सांगता येत नाही.

अण्णा, म्हणजे माझे वडील, एसटीत कंडक्टर होते. मिरज डेपोत त्यांची सगळी नोकरी गेली. गळ्यात पैशांची पिशवी, हातात तिकिटांचा ट्रे आणि बोटांत तो चिमटा. सीटच्या दांड्यावर टिकटिक वाजवत ते मागून पुढे यायचे, तेव्हा झोपलेला माणूस आपोआप खिशात हात घालायचा. रात्री डेपोत वेबिल लिहून रोकड जमा करायची. आठ आण्यांचा फरक आला तरी पुन्हा पहिल्यापासून मोजणारा हा माणूस. रातराणीच्या ड्यूटीत झोप येऊ नये म्हणून तंबाखूची चिमूट गालात बसायची, तीही अगदी वेळेवर. त्या गालातच 2017 साली गाठ निघाली. ऑपरेशनमध्ये डावा गाल आणि खालच्या जबड्याचा तुकडा काढला, छातीचं मांस वर आणून तिथं लावलं. मग सहा आठवडे शेक, म्हणजे रेडिएशन. शनिवार-रविवार सोडून रोज एक, असे तीस. तेव्हा आई आणि अण्णा दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत राहिले. आई त्या दिवसांबद्दल फारशी बोलत नाही, पण तिथल्या जिन्यात नांदेडच्या एका बाईनं तिला नळीतून द्यायची पेज किती पातळ हवी ते शिकवलं, हे मात्र दर वेळी सांगते.

शेक संपले, माणूस घरी आला, आणि आम्ही म्हणालो, सुटलो.

घर स्टँडच्या रस्त्यावर. पुढच्या खोलीत खिडकीशी अण्णांची कॉट असायची. निवृत्तीनंतरही गाडीच्या नुसत्या आवाजावरून त्यांना कळायचं, ही पंढरपूर, ही जत, ही कोल्हापूरची विनाथांबा. नातवाशी पैज लावायचे आणि जिंकायचे. ऑपरेशननंतर काही महिन्यांनी एक दिवस त्यांनी खुणेनं सांगितलं, कॉट मागच्या खोलीत न्या. तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नव्हतं, बोललेलं धड कळायचं नाही, त्यामुळे ते खुणाच करायचे. आम्हाला वाटलं, आवाजाचा त्रास होत असेल, आजारी माणूस आहे. कॉट मागे नेली. मागच्या खोलीला एकच खिडकी, तीही शेजारच्या भिंतीवर उघडणारी. त्या भिंतीकडे तोंड करून अण्णा पडून राहायला लागले. आरसा त्यांनी आधीच उतरवायला लावला होता. लाळ सांभाळायला खांद्यावर कायम पंचा. लग्नाला येणं बंद, पारावर जाणं बंद. जुने ड्रायव्हर भेटायला आले की झोपेचं सोंग. नातू शाळेतून येऊन पायाशी बसायचा, ते त्याच्या डोक्यावर हात ठेवायचे आणि तो हात तसाच राहायचा, जड, विसरल्यासारखा.

हे सगळं आम्ही पाहत होतो. सगळ्यांनी पाहिलं. आणि सगळ्यांचं उत्तर एकच होतं: एवढा मोठा आजार झालाय, उदास असणारच ना माणूस.

या वाक्यावर मी पुढे फार विचार केला. ते प्रेमानं म्हटलेलं असतं, त्यात समजूतदारपणा असतो. पण ते म्हटलं की पुढचा प्रश्न विचारायचं कारणच उरत नाही. पाय मोडलेल्या माणसाला आपण ‘मोडलाय, दुखणारच’ म्हणून घरी बसवत नाही. मनाच्या बाबतीत मात्र कारण समोर दिसलं की आपण उपचाराचा विषयच काढत नाही. हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. स्कॉटलंडमध्ये कॅन्सरच्या एकवीस हजारांहून अधिक रुग्णांची पाहणी झाली होती, ती 2014 मध्ये छापून आली. ज्यांना खरोखर नैराश्याचा आजार होता, त्यांच्यातल्या 73 टक्के लोकांना त्यावर काहीच नीट उपचार मिळत नव्हते. तिथं डॉक्टर होते, औषधं होती, सरकारी आरोग्यसेवा होती. हा आकडा वाचला तेव्हा अण्णा जाऊन दोन वर्षं झाली होती. मला थोडं हलकं वाटलं, आणि हलकं वाटलं याची लगेच लाजही वाटली.

2018 च्या पावसाळ्यात मानेत पुन्हा गाठ आली. परळला दाखवलं, तिथल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन जे सांगायचं ते सांगितलं. पुन्हा ऑपरेशन होण्यासारखं नव्हतं. तोंडातून घ्यायची किमो सुरू झाली. कानापासून खांद्यापर्यंत एक चमक जाते, विजेच्या तारेला हात लागल्यासारखी, असं अण्णांनी एकदा पाटीवर लिहून दाखवलं होतं. एकदाच. त्यानंतर कुणी विचारलं की तीन बोटं वर. कंडक्टरला बोटांनी हिशोब सांगायची सवय असतेच, त्यामुळे ती तीन बोटं फार खात्रीची वाटायची. कधी ते झोपेत असले की मीच फोनवर सांगायचो, तीन आहे डॉक्टर, सहन करतायत. सांगताना आवाजात अभिमान असायचा. आमचे अण्णा सहन करतायत. गावाकडून फोन आला की मी तेच सांगायचो, आणि पलीकडून यायचं, हिंमतवान माणूस, काही होत नाही त्याला, त्यांना म्हणावं मन घट्ट ठेवा. फोन स्पीकरवर असायचा. अण्णा ऐकायचे. इतक्या लोकांनी इतक्या वेळा धीट म्हटल्यावर आठ बोटं वर करायची कशी, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं.

उशाशी देवघरातली घंटी ठेवली होती, रात्री काही लागलं तर वाजवायला. ती कधी वाजली नाही. एकदा गादी उन्हात टाकताना ताईला दिसलं की घंटी उशीखाली आहे आणि तिच्या लोलकाला पंचाची चिंधी गुंडाळलेली आहे. कूस बदलताना चुकून वाजू नये म्हणून. आणि त्याच दिवशी ताईनं चादर पाहिली. उजव्या हाताकडची किनार पिळून पिळून दोरीसारखी झालेली, मधे मधे दातांच्या खुणा. उजव्या बाजूला दात शिल्लक होते. तिनं आईला विचारलं. आई म्हणाली, “रोजचंच आहे ते. धुताना मी सोडवते गाठी.” आईला माहीत होतं. रोज चादर सोडवून, धुऊन, वाळत घालत होती आणि आमच्यासमोर काही बोलत नव्हती, कारण त्यांनी तिला डोळ्यांनी तसं सांगितलं होतं. मी आईवर ओरडलो. आज आठवलं की छातीत काहीतरी आवळतं.

सांगलीत एक डॉक्टरबाई पॅलिएटिव्हचं, म्हणजे मोठ्या आजारातलं दुखणं आणि त्रास कमी करायचं काम बघतात, असं कुणीतरी सांगितलं. हा शब्द आम्ही टाळत होतो. आमच्या लेखी तो शेवटचा दरवाजा होता, ज्यांचं काही उरलं नाही त्यांच्यासाठीचा. अण्णांना गाडीत घालून नेताना आई रडत होती. डॉक्टरबाईंनी खुर्ची अण्णांच्या अगदी समोर ओढली, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर आल्या आणि आकडा विचारला. मी सवयीनं तोंड उघडलं. त्यांनी माझ्याकडे न बघताच हात वर केला. “तुम्ही नाही. ते सांगतील.” मग खोलीत बराच वेळ कुणीच बोललं नाही. पंख्याचा आवाज येत होता. अण्णांनी पाटी घेतली आणि वेबिलावर लिहायचे तशा रेखीव अक्षरात लिहिलं: दिवसा 7. रात्री 9. आणि खाली, जरा थांबून: कंटाळा आला.

बाईंनी त्या दोन्ही ओळींवर सारखंच बोट ठेवलं. कशात मन लागतं का, विचारलं. नाही. नातू आला की बरं वाटतं का? मान नाही म्हणून हलली, आणि नातू बाहेरच्या बाकावर बसलेला होता. स्वतःला दोष देता का? अण्णांनी चिमटीत तंबाखू धरल्याची खूण केली आणि मग स्वतःच्या छातीवर बोट टेकवलं. माझ्याच हातानं केलं. मग बाईंनी शांतपणे विचारलं, “मरून जावंसं वाटतं का? तसं काही करायचा विचार येतो का?” आईनं माझा दंड पकडला. असं काही विचारतात का, असंच आमच्या तिघांच्या तोंडावर होतं. अण्णांनी डोळे मिटले आणि ते रडायला लागले, आवाज न करता, एका बाजूनं. दुसरी बाजू हलत नव्हती. विचारल्यामुळे तसा विचार मनात पेरला जात नाही, असं बाईंनी नंतर आम्हाला सांगितलं. उलट, एवढं वजन एकट्यानं धरून बसलेल्या माणसाला ते कुठंतरी खाली ठेवता येतं. अण्णांचा चेहरा पाहिलेला असल्यामुळे मला ते पटवून द्यावं लागलं नाही.

नैराश्य ओळखायच्या प्रश्नांत झोप, भूक, थकवा हे सगळं येतं. पण कॅन्सरच्या माणसाची झोप, भूक, शक्ती तशीही गेलेलीच असते, गाठीनं, किमोनं, शेकांनी. तेवढ्यावरून काही कळत नाही. म्हणून या बायका-पुरुषांत डॉक्टर दुसरं काहीतरी शोधतात. दुःख लाटेसारखं येतं, आणि दोन लाटांच्या मधे नातवाला, चहाला, बाहेरून जाणाऱ्या गाडीला जागा असते. नैराश्यात ती मधली जागाच बुजून जाते. अण्णांची कॉट मागे गेली, तेव्हा ती बुजली होती. जवळजवळ दहा महिने आधी.

आणि दुखणं? बाईंनी कागदावर मणक्याचं चित्र काढून दाखवलं. मेंदूतून मणक्यात खाली उतरणारी एक वाट असते, शरीरातून वर येणाऱ्या वेदनेला थोपवणारी. त्या वाटेवर काम करणारी सेरोटोनिन आणि नॉरअॅड्रेनालिन ही रसायनं आणि मनाची उभारी, यांचं नातं आहे. मन खचलं की वेदना जास्त कळते, वेदना वाढली की झोप जाते, झोप गेली की मन आणखी खचतं. “यात आधी कुठलं आणि नंतर कुठलं हे शोधत बसायचं नाही, दोन्ही एकदमच धरायचं,” त्या म्हणाल्या. लंडनमध्ये 1967 साली सिसिली साँडर्स या बाईंनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांना सांभाळणारं ठिकाण, सुरू केलं. त्या आधी नर्स होत्या, मग समाजसेविका, मग डॉक्टर झाल्या. त्या म्हणायच्या की मरणाच्या वाटेवरच्या माणसाचं दुखणं अखंड असतं. शरीराचं, मनाचं, पैशाचं, नात्यांचं, देवाशी चाललेल्या भांडणाचं, सगळं मिळून एकच. अण्णांच्या दुखण्यात गावाकडचा विकलेला अर्धा एकर होता. तो माझ्या नावावर करायचा होता, असं त्यांनी त्या दिवशी पाटीवर लिहिलं. मी तो कधी मागितलाही नव्हता.

मॉर्फिनचं नाव निघालं तेव्हा माझेच पाय गळाले. बाईंनी नीट समजावलं. दहा मिलिग्रॅमची गोळी, कुटून पाण्यात विरघळवून नळीतून, दर चार तासांनी, घड्याळ लावून. दुखायची वाट बघायची नाही. रात्री झोपताना दुप्पट द्यायची, म्हणजे मधे उठवायला नको. पोट साफ व्हायचं औषध पहिल्या दिवसापासून सोबत, नाहीतर त्याचंच नवं दुखणं होतं. डोस आपल्या मनानं कमी-जास्त करायचा नाही. व्यसन लागेल का, मी विचारलं. दुखण्यासाठी, देखरेखीखाली दिलेल्या औषधाचं व्यसन लागणं फार क्वचित, त्या म्हणाल्या. नसांच्या चमकेसाठी वेगळी गोळी, आणि रात्री मिर्टाझापिनची एक छोटी गोळी, मनासाठी, जी झोप आणि भूकही सुधारते. मनाच्या गोळीचा गुण यायला दोन-तीन आठवडे लागतात, तोवर सोडायची नाही.

मॉर्फिन कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात मिळत नाही, मान्यता असलेल्या ठिकाणाहूनच आणावं लागतं. मी एसटीनं सांगलीला जाऊन आणायचो. आपल्याच देशात नीमच-मंदसौरकडे सरकारी परवान्यानं अफू पिकते, तिच्यापासून हे औषध होतं आणि जगभर जातं. 1985 च्या अंमली पदार्थांच्या कायद्यानं मात्र ते इतकं कुलपात गेलं की डॉक्टरही हात लावायला घाबरू लागले. त्यानंतर वर्षभरातच, 1986 मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेनं कॅन्सरचं दुखणं पायरीपायरीनं कमी करायची पद्धत घालून दिली होती आणि वरच्या पायरीवर मॉर्फिन होतं. त्याच वर्षी वांद्र्याला शांती आवेदना सदन उभं राहिलं, देशातलं पहिलं हॉस्पिस. कायद्यात दुरुस्ती व्हायला 2014 उजाडलं. मधल्या वर्षांत किती घरांत किती चादरी पिळल्या गेल्या असतील. हा विचार मला बसमध्ये, ती पुडी छातीशी धरून बसलेलो असताना यायचा, आणि राग कुणावर काढायचा ते कळायचं नाही.

पहिले दोन-तीन दिवस गुंगी होती, मळमळ होती. चौथ्या दिवशी सकाळी चादर सपाट होती. आईनं ती तशीच दोन दिवस धुतली नाही, काढून घेतलीच नाही. दुखणं असं आठवड्यात उतरलं, पण भिंतीकडचं तोंड काही लगेच वळलं नाही. ते वेगळं होतं, हे मला तेव्हा डोळ्यांनी दिसलं. बाई फोन करायच्या, त्यांच्याकडची सिस्टर घरी यायची आणि पाऊण तास अण्णांपाशी नुसती बसायची. तिनं त्यांना एसटीबद्दल विचारलं. कुठला घाट अवघड, कुठल्या थांब्यावर चहा बरा. ते पाटीवर लिहायचे, पुसायचे, लिहायचे. घरातल्या आम्ही गेले वर्षभर त्यांना औषध घेतलं का आणि पोट साफ झालं का, याशिवाय काही विचारलं नव्हतं.

महिना झाला असेल. दिवाळीच्या आधीची थंडी. पहाटे अण्णांनी भिंतीवर टकटक केलं. मी धावत गेलो, तर ते उठून बसले होते आणि कॉटकडे बोट दाखवून पुढच्या खोलीकडे हात करत होते. ताईचे यजमान आणि मी मिळून कॉट खिडकीशी नेली. आई चहा गाळत होती. बाहेर एक गाडी घरघरत वळली. अण्णांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, पाटीसाठी हात पुढे केला आणि लिहिलं: पंढरपूर. 7 मि. लेट.

फेब्रुवारीत ते गेले. मधे पुन्हा वाईट रात्री आल्या, डोस वाढवावा लागला, दोनदा ते पुन्हा भिंतीकडे वळले आणि परत फिरले. सगळं छान झालं असं नाही. पण ते साडेतीन महिने त्यांचे होते. ड्रायव्हर मंडळी आली, नातवानं पैज हरली, अर्ध्या एकराचं बोलणं झालं, तंबाखूचंही झालं. आरसा त्यांनी परत लावू दिला नाही. मला त्या साडेतीन महिन्यांचं समाधान आहे, आणि आधीचे दहा महिने घशाखाली उतरत नाहीत. ही दोन्ही एकाच वेळी असतात.

परळला त्या दिवशी काकांचा नंबर यायला वेळ होता. मावशींचा मुलगा औषधांच्या रांगेत गेला, तेव्हा मी उठून त्यांच्या शेजारी बसलो. गाव विचारलं. करमाळ्याकडच्या निघाल्या. मग म्हटलं, “मावशी, खरा आकडा किती?” त्यांनी रांगेकडे पाहिलं. मग मांडीवर, पदराच्या आड, दोन्ही हात उघडले आणि एक अंगठा मिटला. “त्याला नका सांगू,” त्या म्हणाल्या, “पोराची नोकरी जाईल माझ्यापायी.” मी म्हटलं, जेवण जातं का, कशात जीव रमतो का. त्यांनी उत्तर दिलं नाही. नखानं फाईलचा कोपरा खरवडत राहिल्या.

त्यांनी नको म्हटलं होतं तरी मी रांगेत गेलो. हे बरोबर केलं की चूक, अजून ठरत नाही. त्या मुलाला आकडा सांगितला नाही, अण्णांचं सांगितलं. चादरीचं, घंटीचं. तो ऐकत होता आणि पुढे सरकणाऱ्या रांगेतली त्याची जागा जात होती. तीच म्हणते बरं आहे, म्हणाला. मग बराच वेळ गप्प राहिला. आईच्या बाकाकडे पाहिलं, फाईल उघडली, सिस्टरच्या अक्षरातल्या त्या तीनवर अंगठा ठेवला आणि मला विचारलं, “हा आकडा आता बदलून मिळेल का हो?”

आम्ही दोघं सिस्टरच्या टेबलाकडे गेलो. तिनं पेन उचललं, पण त्याला विचारलं नाही. ती उठून मावशींच्या बाकाकडे गेली.